उंचीप्रमाणे वाटलेले चष्मे

माणूस माझ्याशी बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, डोळ्यांकडे बघते. वाईट खोड आहे. परवा धरमपेठेत भाजी घेताना भाजीवालीला म्हटलं, "बाई, तुझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला आहे." ती म्हणाली, "तुमाले वांगे पाह्याचे हायेत का माहे डोळे?" मी वांगी घेतली आणि तिला दवाखान्याचा पत्ता दिला. ती गेली का नाही, ते बघायला पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. वांगी घरात कोणी खात नाही, पण इलाज नाही.

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लग्नाकार्यात लोक मला बाजूला घेऊन डोळे दाखवतात. मी नागपूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढत होते. डॉक्टर डोळ्याच्या आत बघतात. मी माणसाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवते, तिच्यात एकेक काच घालते आणि विचारते, "हे बरं, की ते बरं?" उभा जन्म हाच प्रश्न विचारण्यात गेला. घरीसुद्धा दोन भाज्या केल्या की तोंडातून तेच निघायचं, आणि आमचे हे म्हणायचे, "मी पेशंट नाही, मला जेवू दे."

आमच्या दवाखान्याला एका सेवाभावी क्लबची साथ होती. त्यात नागपुरातले व्यापारी, वकील, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी. महिन्यातून एकदोनदा जमायचं, भाषण ऐकायचं, चांगलंचुंगलं जेवायचं. लोक त्यांना हसायचे, मीही पोटभर हसले आहे. पण शिबिराच्या दिवशी हीच माणसं सकाळी गाड्या घेऊन दारात उभी असत. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना दंडाला धरून चढवत, ऑपरेशन झालं की घरापर्यंत सोडून येत. क्लबची कॉलेजातल्या पोरापोरींची एक तरुण शाखा होती, ती शाळांमध्ये माझ्यासोबत यायची. फीत धरून अंतर मोजायची, लहान मुलांना रांगेत बसवायची, आणि मधल्या वेळात आपसात प्रेमप्रकरणंही उरकायची. मला सगळं दिसत होतं, मी बोलले नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. खाप्याच्या शिबिरात एक म्हातारे विणकर आले होते. मी जवळचं वाचायचं कार्ड पुढे केलं तर हातही लावेनात. म्हणाले, "मी पुस्तक वाचत नाई. मले सूत दिसलं पाह्यजे." आणि खिशातून सुताचा गुंडा काढला. मी सुतावरच नंबर काढला. प्रत्येक काचेला ते तुटलेला धागा जोडून बघत आणि मान हलवत. मागे रांग खोळंबली, लोक कुरकुरायला लागले, पण मला इतकी मजा वाटत होती की मी त्यांना आणखी दोन काचा जास्तच दाखवल्या. दुसरा एक ट्रक ड्रायव्हर. लायसन्ससाठी सर्टिफिकेट हवं होतं. रांगेत उभं राहून त्यानं तक्ता ऐकून पाठ केलेला, धडाधड म्हणून दाखवला. मी तक्ता उलटा टांगला तरी तो तेच म्हणत होता.

मला या कामात सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते एका गोष्टीचं. आम्ही शाळेतल्या मुलांना चष्मे वाटतो, त्यांचं पुढे होतं काय? कारण दोनतीन महिन्यांनी त्याच शाळेत गेलं की चार नाकांवर चष्मे दिसायचे, बाकीचे गायब. क्लबमध्ये मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पालकांमध्ये जागृती नाही." हे उत्तर मला कधी पटलं नाही. मग मी घरोघर विचारत फिरायचे. कोणाचा चष्मा देवाजवळ ठेवलेला, परीक्षेच्या दिवशी घालायचा म्हणून. एका मुलीच्या आत्यानं तो लपवला होता, का तर सोयरीक येताना अडचण नको. सोयरीक, आणि पोरगी पाचवीत. सगळ्या चष्म्यांच्या फ्रेमी एकाच तपकिरी रंगाच्या, त्यामुळे घातला की बाकीची पोरं "फुकटवाला" म्हणून चिडवायची. म्हणजे कारणं भरपूर होती, फक्त ती विचारायला कोणी जात नव्हतं. पण नरखेड तालुक्यातल्या एका गावात जे कळलं, ते मी कुठेच ऐकलं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. संत्र्याच्या बागांमधलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. तिथे दुसरीत गुंजन नावाची मुलगी होती. लहान मुलांना अक्षरांचा तक्ता चालत नाही, म्हणून आम्ही तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा तक्ता लावतो. फणीचे दात ज्या दिशेला, तिकडे मुलानं बोट दाखवायचं. मुलं हातानं डोळा झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघतात, म्हणून डोळा मी स्वतः झाकते. गुंजनचा डावा डोळा झाकला तर तिनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर दाखवलं. उजवा झाकला, तर तिनं बोट उचललंच नाही. हळूच माझा हात धरून बाजूला सारला आणि माझ्याकडे बघून हसली. मी पुन्हा झाकला, तिनं पुन्हा सारला.

याला आळशी डोळा म्हणतात. एका डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर असतो, दुसरा चांगला असतो. मेंदू चांगल्या डोळ्याचं ऐकतो आणि वाईटाचं ऐकणं सोडून देतो. डोळा बाहेरून चांगला, आतून चांगला, पण बघायला शिकलेलाच नाही. त्याला शिकवायचं तर योग्य नंबरचा चष्मा दिवसभर घालायचा, आणि रोज काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावायचं. हे लहानपणीच जमतं. वय वाढत गेलं की जमेलच असं नाही, आणि मोठेपणी कितीही भारी चष्मा लावा, तो डोळा नीट बघत नाही. आमच्या डॉक्टरांनी गुंजनला नागपूरला नेऊन तपासलं आणि म्हणाले, "आत्ता सुरू करा. उशीर आधीच झाला आहे."

तिचे वडील, रमेशभाऊ, गावात पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. जळलेली मोटर उघडायची, आतली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. मी त्यांच्या दुकानात गेले, तर मानायलाच तयार नाहीत. "दिसते तं तिले, मॅडम. सुईत दोरा ओवते ते." मी काही वाद घातला नाही. गुंजनच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला, त्यांच्या पेटीतला एक नट उचलून तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "हे काय आहे, गं?" ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काही तरी चमकून राहिलं." रोज त्या नटांशी खेळणारी पोरगी. रमेशभाऊंनी पकड खाली ठेवली. म्हणाले, "ते मान वाकडी करून पाह्यते नं, तं मी तिले रागवत होतो. मले वाटे, नखरे करून राहिली."

पट्टी कशी लावायची, किती वेळ लावायची, सगळं मी त्यांना समजावलं. गुंजनलाही सांगितलं की पहिले पहिले पट्टीत नीट दिसणार नाही, कंटाळा येईल, पण काढायची नाही. तिनं मान हलवली.

चष्मे नागपुरात तयार झाले. प्रत्येक चष्म्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून मी डबा क्लबच्या अध्यक्षांकडे दिला. त्या वर्षी अध्यक्ष होते चांडकभाऊ, हार्डवेअरचे व्यापारी. मोठ्या मनाचा माणूस, आवाजही तसाच मोठा. वाटपाच्या दिवशी माझं खाप्याला शिबिर होतं. भाऊ म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. सब अच्छेसे हो जाएगा." दुसऱ्या दिवशी फोटो आला. पेपरातही आला. पाहुणे स्वतःच्या हातानं मुलांना चष्मे घालून देत आहेत, मुलं ओळीत, पुढे बुटकी, मागे उंच. फोटो खरंच सुंदर होता.

दोनअडीच महिन्यांनी मी फेरतपासणीला गेले. गुंजन पट्टी लावूनच समोर आली. कपाळावर एक टेंगूळ, कोपराला खरचटलेलं. रमेशभाऊ सांगत होते, "एक दिवस खाडा नाही, मॅडम. शाळेतून आली का मी स्वतः लावतो. ते पट्टी लावून धडपडते, रडते, पण मी काढू देत नाई." मी तक्ता लावला. डावा डोळा जिथे होता तिथेच. एक ओळसुद्धा पुढे नाही. रमेशभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. पट्टीचा खाडा नाही, चष्मा नाकावर आहे, मग डोळा हलत कसा नाही?

मी तिचा चष्मा काढून हातात घेतला. आमची एक साधी युक्ती आहे. काचेतून समोरची खिडकी बघायची आणि काच हळूच हलवायची. लांबचं न दिसणाऱ्याची काच असेल तर खिडकी काचेसोबत जाते. उलट नंबरची असेल तर खिडकी उलट्या बाजूला पळते. गुंजनच्या डाव्या काचेतून खिडकी उलटी पळायला पाहिजे होती, आणि उजवी जवळजवळ साधी काच. या चष्म्यात खिडकी दोन्ही काचांमधून सोबत चालली होती. तो चष्मा तिचा नव्हताच. चांगला डोळा बापानं झाकायचा आणि आळशी डोळ्यासमोर चुकीची काच, म्हणजे पोरगी रोज त्या वेळापुरती धुक्यात बसत होती.

मी तिला विचारलं, "बेटा, अजिबात दिसत नव्हतं, तर सांगितलं काहून नाही?" ती म्हणाली, "तुमीच तं म्हटलं होतं, पहिले पहिले दिसणार नाई, पट्टी काढाची नाई म्हणून." त्यानंतर मला बाहेर जाऊन नळावर तोंड धुवावं लागलं.

मग माझं डोकं फिरलं. वर्गातले सगळे चष्मे गोळा करायला लावले, एकेक खिडकीसमोर धरून हलवला. काही बरोबर, काही भलत्याचेच. इंगळे मॅडम, गुंजनच्या वर्गशिक्षिका, आधी विषय टाळत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, मी रागावणार नाही," आणि मी रागावलेलीच होते, पण त्यांनी सांगितलं. चष्मे हजेरीच्या क्रमानं टेबलावर मांडले होते. फोटोग्राफर म्हणाला, काचांवर चिठ्ठ्या दिसून राहिल्या, फोटो खराब येईल. तर चिठ्ठ्या काढल्या. क्रम होताच, काय बिघडतं? मग तो म्हणाला, मुलं उंचीप्रमाणे उभी करा. मुलं उंचीप्रमाणे उभी राहिली. चष्मे टेबलावर हजेरीप्रमाणेच राहिले. पाहुण्यांनी एकेक उचलला आणि समोर येईल त्या नाकावर चढवला. प्रत्येकाला चांडकभाऊंनी विचारलं, "दिसते का, बेटा?" गावात पाहुणे आलेले, हारतुरे, बिस्किटाचे पुडे. कोणतं पोट्टं नाही म्हणणार? सगळे म्हणाले, "हो."

आता गंमत ऐका. पोरांनी घरी जाऊन आपलंआपलं काम केलं होतं. वडाखाली बसून सगळ्यांनी सगळ्यांचे चष्मे लावून बघितले, ज्याला जो बरा वाटला तो त्यानं ठेवला. हे बरं की ते बरं, माझाच धंदा, माझ्याशिवाय चाललेला. म्हणूनच बरेचसे चष्मे पुन्हा बरोबर नाकावर आले होते. पण ही युक्ती गुंजनला उपयोगाची नव्हती. तिचा एक डोळा धडधाकट, दोन्ही उघडे असले की तिला सगळ्याच चष्म्यांतून दिसायचं. सगळ्यांनी निवडून जो उरला तो तिनं घेतला.

मग तिचा खरा चष्मा कुठे? एक काच जाडी असलेला, कोणालाच न आवडलेला? चौकशी केली तर सोहम नावाच्या मुलाच्या वाट्याला तो आला होता. "मले त्याच्यातून भिंगासारखं दिसे. माह्या आबाजीनं घेतला," तो म्हणाला. रमेशभाऊंनी मोटरसायकल काढली, मी मागे बसले, आणि आम्ही सोहमच्या आजोबांच्या मोसंबीच्या बागेत गेलो. विहिरीजवळ पंपाच्या खोलीच्या सावलीत आबाजी बसले होते. दुसरीतल्या पोरीची फ्रेम, कानापर्यंत पोचत नाही म्हणून दोन्ही काड्यांना सुतळी बांधून डोक्यामागे गाठ मारलेली. उजवा डोळा मिटलेला, डाव्या डोळ्यानं पेपर नाकाशी धरून वाचणं चाललं होतं.

म्हाताऱ्या माणसाला जवळचं वाचायला जी काच लागते, तशीच काच ती. मला हसूही येत होतं आणि रागही. मी सगळं समजावून सांगितलं. आबाजी म्हणाले, "हे पाह्य बाई, मले कित्येक वर्षांनी पेपर दिसून राहिला. तुमच्या क्लबनं पोट्ट्याले देल्ला, पोट्ट्यानं मले देल्ला. आता वापस काहून?" माझ्या पिशवीत जवळच्या नंबरचे तयार चष्मे असतात. सुतळीचा चष्मा त्यांच्या कपाळावर सरकवला आणि चौकट न लावताच मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसून एकेक त्यांच्या डोळ्यांना लावला, पेपर समोर धरला, विचारलं, "हे बरं, की ते बरं?" ते मुद्दाम वेळ लावत होते. रमेशभाऊ बाजूला उभे राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. शेवटी दोन्ही डोळे उघडून आबाजी म्हणाले, "हा ठीक आहे." आणि डोक्यामागची गाठ सोडायला रमेशभाऊच पुढे झाले. तारेचं बारीक काम करणाऱ्या माणसाला सुतळीची गाठ सुटेना.

चांडकभाऊंना मी फोन केला नाही. दुकानात गेले. बोलायचं ते बोलले, आणि जरा जास्तच बोलले. गिऱ्हाइकं ऐकत होती. ते काही बचाव करतील असं वाटलंच होतं. म्हणाले, "मॅडम, मी विचारलं होतं सगळ्यांना, दिसते का म्हणून." मग स्वतःच म्हणाले, "पर मैने पूछा कैसे, वो मुझे मालूम है." पुढच्या वाटपापासून पद्धत बदलली. टेबल नाही, पाहुणे नाहीत. तरुण शाखेची पोरं वर्गात तक्ता लावतात, नाव वाचून चष्मा घालतात, प्रत्येकाला पुन्हा पहिल्या ओळीपासून बोटं दाखवायला लावतात, तेव्हाच चिठ्ठी निघते. फ्रेमी रंगीबेरंगी झाल्या. फोटो निघतो, पण मुलं कशीही उभी असतात आणि अर्धी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

गुंजनची पट्टी वर्षभर चालली. डोळा हलायला लागला. दर खेपेला एखादी ओळ जास्त. निवृत्त व्हायच्या आधीच्या महिन्यात मी तिच्या शेवटच्या तपासणीला गेले. डॉक्टर म्हणाले होते, आता जेवढं आलं तेवढं खरं, पुढे फारसा फरक पडेल असं नाही. चांडकभाऊ सोबत आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तपासणीआधी रमेशभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मॅडम, ते दोन महिने वाया गेले नसते तं पूर्ण आलं असतं का?" मी म्हटलं, "माहीत नाही, भाऊ. खरंच माहीत नाही." या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही हवं आहे, आणि ते कोणत्याच पुस्तकात नाही.

मी गुंजनचा उजवा डोळा झाकला. एकेक ओळ खाली गेले. ती बोटं दाखवत होती, वर, खाली, उजवीकडे, सगळं बरोबर. शेवटून तिसऱ्या ओळीपर्यंत आली. इंगळे मॅडम दारात उभ्या, रमेशभाऊ भिंतीला टेकलेले, चांडकभाऊ तिच्या अगदी मागे. मी शेवटून दुसऱ्या ओळीवर काठी ठेवली. ती डोळा बारीक करून बघत राहिली. चांडकभाऊंना राहवलं नाही. ते खाली वाकले आणि म्हणाले, "दिसते ना, बेटा?"

गुंजन म्हणाली, "नाई दिसत."

चांडकभाऊ तसेच वाकलेले होते. तिनं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांची समजूत घालावी तशी म्हणाली, "पण वरची दिसते ना, काका. पहिले तेबी नव्हती दिसत."

मी कार्डावर तसंच लिहिलं.